गाळणीतला विस्तव



किर्लोस्कर-कमिन्स कंपनी १९६२ साली निघाली, वाहनांची कसोटी घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ साली. दोन्ही आपल्या पुण्यातच. तरी मालट्रकचा काळा धूर म्हणजे इंजिनाचा जोर, असे आम्ही कामगार तरुणपणी समजत असू!

१ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ लागू झाले. डिझेलमधील गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आले आणि नव्या मालट्रकच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी सिरॅमिकची गाळणी बसली. साचलेली काजळी तेथेच जाळावी लागते. त्या वेळी आत सुमारे ६०० अंश सेल्सियस उष्णता चढते. वाळके गवत किंवा उसाचे पाचट याहून पुष्कळच कमी उष्णतेला पेटते.

आमच्या सभेत एका क्लीनरने पोळलेला कोपर दाखविला. इंजिन बंद होते, मग नळी तापलेली कशी असेल, असे त्याला वाटले. ड्रायव्हरपुढे सूचनेचा दिवा लागतो खरा. पण गाडीखाली शिरणाऱ्याला तो कसा दिसावा? माहितीपुस्तक इंग्रजी, तेही मालकाच्या कपाटात.

धूर कमी झाला, हे मी आनंदाने मान्य करतो. काजळी जाळल्यावर किती वेळ गाडीखाली शिरू नये, एवढे गाळणीशेजारी मराठीत रंगवा, ही आमची मागणी आहे.