सफाई व्यवसायासाठी करविवरणाचे सॉफ्टवेअर निवडताना

आपल्या वस्त्यांतले काही तरुण आता ठेकेदाराच्या हाताखाली न राबता सोसायट्या, कार्यालयांच्या सफाईची कामे स्वतःच्या नावावर घेतात. त्यांना आम्ही सांगतो, सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी सरकारी पोर्टल वापरून पाहा. महाराष्ट्रात सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. अनुमानित उत्पन्नाची योजना घेतल्यास आयटीआर-४ म्हणजे ‘सुगम’ आयकर पोर्टलवर मोफत भरता येतो.

ग्राहक आणि बिले वाढली की मात्र सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते टीडीएसचा हिशेब २६एएसशी जुळवते का, हे आधी बघा. ठरावीक मर्यादेपुढच्या बिलातून कंपन्या एकल मालकाचा १ टक्का टीडीएस कापतात, पॅन दिला नसेल तर २० टक्के! हा पैसा आपलाच असतो, पण विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून घेता येतात का, हेही विचारा.

पोर्टलवर मोबाईल नंबर स्वतःचाच नोंदवा. तो अकाउंटंटचा असला तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि त्याला बदलायचे म्हटले की आपल्याच खात्यासाठी त्याची मनधरणी करावी लागते.