चिटणीस : पद, आडनाव आणि सामान्यनाम

मराठीतील काही आडनावे सामान्यनामे म्हणूनही व्यवहारात आहेत. ‘चिटणीस’ हे त्यांपैकी एक होय. संस्थेचा पत्रव्यवहार व दप्तर सांभाळणारा तो चिटणीस. आणि ज्या घराण्यात हे काम पूर्वी वंशपरंपरेने चालले, त्याचे आडनावही चिटणीसच.

शब्द संकरज आहे. पूर्वपद देशी ‘चिठी’, उत्तरपद फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. ‘नवीस’चा संकोच होऊन ‘नीस’ झाले. पोतनीस, पारसनीस, सबनीस, कारखानीस यांत दंत्य ‘न’ टिकला. चिटणीस व फडणीस यांत मात्र शेजारच्या मूर्धन्य ट-ड यांमुळे त्याचा ‘ण’ झाला. नागपूरकडील चिटणवीस, फडणवीस या रूपांत ‘व’ कायम असूनही ‘ण’ आहे. म्हणजे मूर्धन्यीभवन संकोचावर अवलंबून नाही, हे उघड होते.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची पदे संस्कृत नावांनी रूढ करण्यात आली. सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला. चिटणीस अष्टप्रधानांत नव्हता. त्याचे पद व्यवहारात जुन्याच नावाने चालू राहिले. आज सचिव मुख्यत्वे शासनात व चिटणीस पक्ष-संघटनांत आढळतो, आणि दोन्ही शब्द ‘सेक्रेटरी’चेच प्रतिशब्द ठरले आहेत.

पदाचे आडनाव कसे होते, हे एका घराण्यावरून दिसते. बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहान्त शासन झाले. तरीही चिटणिसी त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांच्याकडे आली. व्यक्ती गेली, पद घरात राहिले. पुढे याच घराण्यातील मल्हार रामराव चिटणीस यांनी साताऱ्यास बखरी लिहिल्या.

याचा अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा. छत्रपतींप्रमाणे सरदारांच्या पदरीही चिटणीस असत. त्यामुळे हे आडनाव चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत आहे, तसेच ब्राह्मणांतही आहे. केवळ आडनावावरून जात ठरविणे किंवा दोन घराण्यांना एका मूळ पुरुषाशी जोडणे अशास्त्रीय होय. जुन्या कागदात ‘चिटणीस’ आढळले, तर तो त्या दिवशीचा अधिकारी की त्याचा केवळ वंशज, हे प्रथम पाहावे. ‘चिटणिसी’ हे भाववाचक नाम मात्र पदावरूनच होते, आडनावावरून नव्हे. ते आढळल्यास निर्णय पुष्कळसा सुकर होतो.