सागरी शोभिवंत मासा : खरेदीपूर्व पारख

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी मासा घेण्याआधी त्याचा श्वास, भूक, अंगलट, त्वचा व वागणूक पाहून तो निरोगी आहे का हे ठरवण्याची पद्धत. गप्पी, मॉली, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातले मासे पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच निपजतात. सागरी जातींपैकी बहुतेक मात्र अजूनही प्रवाळखडकांवरून पकडून आणल्या जातात. पकडणारा, निर्यातदार, आयातदार, घाऊक व्यापारी असे हात बदलत, बरेचदा उपाशीपोटीच, मासा दुकानात पोचतो. त्यामुळे ही पारख रंगरूपाची नसून प्रवासात काय बिघडले ते ओळखण्याची आहे.

पनवेलचे हौशी मत्स्यपालक बहुधा कुर्ल्याचा मासेबाजार किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातली दुकाने गाठतात. खाडीकाठच्या या गावात बाजारातली ताजी मासळी ओळखायला कुणी शिकवावे लागत नाही : कल्ले लालभडक, डोळा चकचकीत, बोटाने दाबले तर खळगा राहता कामा नये. टाकीतल्या माशाला ही कसोटी उलटी पडते. त्याच्या कल्ल्यांचा लाल रंग बाहेरून दिसत असेल, म्हणजे झाकणे सतत फाकलेली असतील, तर तेच आजाराचे लक्षण.

पहिली पाहणी श्वासाची. काचेला नाक लावू नये. माणूस दिसला की खाण्याच्या आशेने मासे पुढे धावतात आणि आजारीसुद्धा तरतरीत वाटतो. दोन पावले मागे उभे राहून कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप पाहावी व शेजारच्या त्याच जातीच्या माशाशी ताडून घ्यावी. धाप लागल्यासारखा श्वास, एकाच बाजूचा कल्ला हलणे, पंपाच्या धारेत तोंड खुपसून राहणे ही कल्ल्यांत परजीवी शिरल्याची चिन्हे असू शकतात. ॲमायलूडिनियम या परजीवीने होणारा ‘व्हेल्व्हेट’ रोग अंगावर सोनेरी भुकटी दिसण्याआधीच काही दिवसांत मासा मारतो. तिथे त्वचा तपासून उपयोग नसतो, श्वासच सांगतो.

मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके हे क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे लक्षण. तो माशाच्या अंगावर साधारण तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाशी कोष करतो आणि त्यातून निघालेली पिल्ले पुन्हा मासा शोधतात. म्हणून ‘ठिपके होते, पण कालच गेले’ या दुकानदाराच्या बोलण्यात दिलासा काही नाही. शिवाय बऱ्याच टाक्यांचे पाणी एकाच सामाईक संपमधून (साठवण-टाकीतून) फिरते. एका टाकीत रोग दिसला की त्या संपवरच्या सगळ्याच टाक्या संशयित. मासा चांगला आणि शेजारी मेलेला, अशा दुकानातून हात हलवत परतणे शहाणपणाचे.

निळ्या एलईडीखाली प्रवाळ खुलतात, पण त्याच प्रकाशात ठिपके आणि त्वचेवरची बुळबुळीत साय लपते. पांढरा दिवा लावायला सांगावे, नाहीतर मोबाइलची बॅटरी तिरपी धरावी. ‘नेमो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या विदूषक माशाच्या अंगावर अशी साय सुटत असेल तर ब्रूक्लिनेला या जीवघेण्या परजीवीची शंका घ्यावी. परांवर फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या तर तो बहुधा लिम्फोसिस्टिस हा विषाणुजन्य विकार. दिसायला ओंगळ, पण सहसा आपोआप ओसरतो. फाटलेला पर भरून येतो. पराच्या मुळाशी लाली असेल तर मात्र नको.

अंगलट पाहताना पोटाइतकेच डोक्यामागच्या पाठीकडे लक्ष द्यावे. तिथे खळगा पडून कणा धारेसारखा उठून दिसत असेल तर मासा फार दिवस उपाशी आहे. वागणुकीची पारख मात्र जात ओळखल्याशिवाय करू नये. गोबी तळाशीच बसतो, रास (wrasse) गटातले अनेक मासे वाळूत स्वतःला गाडून घेतात, ब्लू टँग घाबरला की आडवा पडतो. नवख्या गिऱ्हाइकाला हे सगळे आजारी वाटतात आणि खरा आजारी, पृष्ठभागाजवळ तरंगणारा, ‘खेळकर’ वाटतो.

सर्वांत भरवशाची कसोटी भुकेची. आपल्यासमोर खाणे घालायला सांगावे आणि मासा ते गिळतो की तोंडात घेऊन थुंकतो हे पाहावे. गोठवलेले मायसिस खाणारा मासा कोरड्या गोळ्या खाईलच असे नाही, म्हणून त्याला काय दिले तेही विचारावे. मँडरिनला ही कसोटी सहसा लागू पडत नाही. तो दिवसभर कोपेपॉड टिपत फिरतो, त्याचे भरलेले पोट हाच पुरावा. भूक असूनही धोका उरतो तो सायनाइडचा. फिलिपीन्समध्ये 1960 च्या दशकात सुरू झालेल्या या पद्धतीत खडकांत सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवतात. असा मासा रंगाने झळझळीत असू शकतो, काही दिवस खातोही, आणि नंतर खंगतो. नजरेने हे ओळखता येत नाही.

यावर उपाय वेळेचा. माल कधी आला ते विचारावे, त्या दिवशी काही घेऊ नये. ॲडव्हान्स देऊन मासा आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगावे. सगळे दुकानदार ऐकत नाहीत, पण नकार देतानाचे कारण ऐकण्यासारखे असते. टाकीत तांब्याचे औषध आहे का, पाण्याची सापेक्ष घनता किती, हेही विचारावे. परजीवी आणि मिठाचा खर्च दोन्ही आटोक्यात राहावेत म्हणून काही दुकाने ती 1.018 च्या आसपास ठेवतात. घरची टाकी 1.025 ला असेल तर ही वाढ एका दुपारी न करता काही दिवसांत करावी लागते.

कुर्ल्याहून हार्बर लोकलने पनवेल तासाभराचे. मे महिन्यातल्या दुपारी पिशवी थर्मोकोलच्या डब्यातच आणावी. घरी आल्यावर माशाला मुख्य टाकीत न सोडता चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे हा पारखीचाच शेवटचा टप्पा होय.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात विदूषक माशांची पैदास केली जाते. टाकीत निपजलेल्या अशा माशांच्या अंगावरचे पांढरे पट्टे कधी तुटक असतात. तो आजार नव्हे. समुद्री घोडा कितीही तरतरीत दिसला तरी घेऊ नये. 2001 मध्ये त्याला आणि खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले.