गंगाराम तांबट : उत्तर पेशवाईतील एक उपेक्षित चित्रकार

उत्तर पेशवाईचा इतिहास मोहिमा, तह आणि कारभाऱ्यांचा पत्रव्यवहार यांच्या आधारे विपुल लिहिला गेला आहे. त्या काळाचे दृश्यरूप ज्यांच्या हातून टिकले त्या चित्रकारांविषयी मात्र मराठी इतिहासलेखन बरेचसे मौन राहिले. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा त्यांपैकी एक होय.

पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम काम करीत असे. पेशव्यांच्या पशुसंग्रहातील गेंडा त्याने १७९० मध्ये चितारला. वेरूळच्या लेण्यांचीही त्याने रेखाटने केली. दरबारी लघुचित्रांची सजावट येथे नाही. समोरची वस्तू जशी आहे तशी नोंदविण्याकडे त्याचा कल दिसतो. त्याची अनेक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पुण्याच्या चित्रकाराचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागावे, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

१७९२ मध्ये स्कॉटिश व्यक्तिचित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे त्याने रंगविली. याच सुमारास शनिवारवाड्यात पाश्चात्त्य पद्धतीची चित्रशाळा सुरू झाली व गंगाराम तिच्याशी जोडला गेला.

१७९५ हे वर्ष निर्णायक ठरले. मार्चमध्ये परांड्यालगतच्या मुलखात खर्ड्याची लढाई मराठ्यांनी जिंकली. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि नोव्हेंबरमध्ये वेल्सही निवर्तला. १७९७ मध्ये मॅलेटने पुणे सोडले. त्याच्या संग्रहाबरोबर गंगारामची चित्रेही इंग्लंडला गेली.

पुढे वेरूळचा मुद्राचित्रसंग्रह १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यावर वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची नावे आहेत. वेल्सचे १७९० च्या तहाचे दरबारचित्र डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केले आणि चार्ल्स टर्नरने त्यावरून मुद्राचित्र तयार केले. मुद्राचित्रामुळे नावे दूरवर पोहोचतात, आणि ज्याचे रेखाटन ठशावर चढत नाही तो विस्मृतीत जातो. गंगारामच्या बाबतीत नेमके हेच घडले.

या प्रसंगाला आणखी एक धागा आहे. मॅलेटच्या उत्तेजनाने पुण्यातील एका तांबटाने ताम्रपटावर देवनागरी अक्षरे कोरण्याची कला आत्मसात केल्याचे अ. का. प्रियोळकर यांनी नोंदविले आहे. तो कारागीर आणि गंगाराम यांना केवळ आडनावाच्या साम्यावरून एक मानणे घाईचे ठरेल. पुण्यातील आश्रय संपल्यावर हा कारागीर मिरजेस गेला. तेथे पटवर्धनांच्या आश्रयाखाली कोरीव ताम्रपटांवरून १८०५ मध्ये भगवद्गीता छापण्यात आली.