शाफ्टच्या टोकाची खळी आणि घड्याळजीचा लेथ

मागच्या महिन्यात विहिरीवरच्या मोनोब्लॉकचा इंपेलर निघेना, म्हणून मी शाफ्टच्या टोकावर हातोडा घातला. इंपेलर निघाला, पण टोकाला मधोमध जी बारीक खळी असते ती चेपली. लेथवाल्यानं झिजलेल्या जागी वेल्डिंग भरलं, शाफ्ट चकात धरून एक बाजू कातली, मग उलटा धरून दुसरी. आठ दिवस मोटर घरघरली आणि सील गेलं. कांद्याची एक पाळी हुकली. लेथवाला म्हणाला, "चक झिजलेला, त्यात तुम्ही सेंटर मारून आणलं. मी धरू कुठं?" चूक माझीच.

तेव्हा बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजीकडचा वीतभर लेथ आठवला. केसाएवढी आस तो कशी नीट धरत असेल? म्हणून हा इतिहास वाचला.

युरोपातल्या जुन्या घड्याळजींचं यंत्र अगदी साधं. एका दांडीवर समोरासमोर दोन टोकदार सेंटर, दोन्ही न फिरणारे. मध्ये आस, आसेला छोटी पुली, पुलीला धनुकलीची दोरी. एका हातानं धनुकली मागंपुढं करायची, दुसऱ्या हातात हत्यार. फिरतं बेअरिंगच नाही, तर झिजून हलणार काय? आस दहा वेळा काढून लावली तरी ती त्याच दोन टोकांवर बसायची. काम मात्र फार हळू.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉल्थॅम गावी १८५४ मध्ये घड्याळाचा कारखाना आला. एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तिथं धनुकली पुरणार नव्हती. १८६२ मध्ये जॉन स्टार्क यानं त्याच गावात टेबलावर बसणारे अचूक लेथ बनवायला घेतले. पुढं १८८९ च्या सुमारास वेबस्टर-व्हिटकोंब लेथ आला आणि तोच जगभर नमुना ठरला. बेडपासून सेंटरची उंची फक्त ५० मिलिमीटर. स्पिंडल कडक पोलादाचा, निमुळता. ढिला झाला की मागून आवळायचा.

पण खरी करामत कोलेटची. कोलेट म्हणजे तीन चिरा दिलेली पोलादी नळी. मागून दांड्यानं ओढली की तिचं तोंड स्पिंडलच्या निमुळत्या भागात शिरतं आणि चारी अंगांनी सारखं मिटतं. आपल्या चकाचे जॉ आतल्या आट्यांवर सरकतात, ते आटे झिजले की काम एका बाजूला जातं. कोलेटला ती भानगड नाही. पण एक कोलेट एकाच जाडीला चालतो. ५० नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, २० नंबर म्हणजे २. म्हणून घड्याळजीकडं पेटीभर कोलेट.

बेडचेही प्रकार. जिनिव्हा पद्धतीत एका बाजूनं सपाट केलेली गोल दांडी, तर वेबस्टर-व्हिटकोंबचा बेड वरून सपाट आणि कडा उतरत्या. जर्मनीच्या लॉर्च, बोली यांनी तसेच ८ मिलिमीटरचे कोलेट केले, पण दांड्याच्या आट्यांत किंचित फरक. दिसायला सारखे, आवळायला गेलं की अडकतात. ठिबकचे नवे-जुने जोड जुळवताना आपली होते तीच गत! स्वित्झर्लंडच्या शॉब्लिनच्या ७० आणि १०२ या मॉडेलांचे आकडे म्हणजे सेंटरची उंची मिलिमीटरमध्ये. दोघांचे कोलेटही वेगळे, ७० ला डब्ल्यू १२, १०२ ला डब्ल्यू २०.

आपल्या पंपाच्या शाफ्टला कोलेट कोण लावणार? त्याला धनुकलीवाल्याचीच जुनी रीत, दोन सेंटरांमध्ये धरून कातायची. शाफ्ट तयार करताना त्या दोन खळ्यांवरच फिरवलेला असतो. लेथवाल्यानं मग फोर-जॉ चकात डायल लावून न झिजलेली बेअरिंगची जागा बरोबर फिरवून घेतली, टोकाला नवी खळी पाडली आणि पुन्हा वेल्डिंग भरून शाफ्ट दोन सेंटरांत कातला. अर्धा दिवस गेला. मोटर आता गप चालते.

इंपेलर काढायला मी पुलर आणलाय. कुणाला लागला तर घेऊन जा. आणि हातोडा मारायचीच वेळ आली, तर मध्ये लाकडाचा ठोकळा धरा, आणि टोकाला नट अर्धा चढवून त्यावर मारा.