निशाण पाहण्याची दुर्बीण: कमी पैशात स्पॉटिंग स्कोप कसा निवडावा

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याआधीच्या वर्षी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले. आपल्या घरांतली मुलंमुलीही आता रायफल क्लबमध्ये आणि तिरंदाजीच्या मैदानावर जाऊ लागली आहेत. तिरंदाजीचं महत्त्व तर हदीसमध्येच आलेलं असल्यामुळे घरच्या बुजुर्गांचीही ना नसते. अडचण येते ती सामानाच्या यादीपाशी. त्या यादीत कधीतरी 'स्पॉटिंग स्कोप' असा शब्द येतो, अब्बा मोबाइलवर शोधतात आणि दोन हजारांपासून लाखापर्यंतचे आकडे पाहून गप्प बसतात. अशा पालकांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

स्पॉटिंग स्कोप म्हणजे स्टँडवर उभी करायची, एका डोळ्याने पाहायची छोटी दुर्बीण. ती बंदुकीवर बसत नाही. बंदुकीवर बसते ती रायफल स्कोप, आणि ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल स्पर्धांत तसली भिंगाची दुर्बीण बंदुकीवर चालतच नाही. नेमबाज बारीक छिद्राच्या साइटमधून नेम धरतो. त्यामुळे गोळी कुठे लागली ते त्याला बंदुकीतून दिसत नाही. पॉइंट टू-टूची गोळी सुमारे साडेपाच मिलिमीटर जाड असते आणि 50 मीटरच्या रायफल टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं. एवढं छिद्र 50 मीटरवरून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पहिली गोळी डावीकडे गेली हे कळलं नाही, तर पुढच्या दहाही डावीकडेच जाणार. म्हणून ही दुर्बीण लागते.

पण आधी प्रशिक्षकांना एक गोष्ट विचारा: रेंजवर टार्गेट कागदाचं आहे की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक असेल तर गोळी कुठे लागली ते शेजारच्या स्क्रीनवर लगेच दिसतं आणि स्कोपची गरज जवळजवळ संपते. 10 मीटर एअर रायफल शिकणाऱ्या मुलाला तर ती बहुतेक वेळा लागतच नाही, कारण तिथे कागदच यंत्राने किंवा दोरीने जवळ आणून पाहतात. सुरुवातीच्या वर्षात तो पैसा जॅकेट, ग्लोव्हज आणि पेलेट्सवर खर्च केलेला बरा.

खरंच गरज आहे असं ठरलं, तर दुर्बिणीवरचे आकडे वाचायला शिका. '20-60x60' असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे म्हणजे 20 ते 60 पट जवळ दिसेल, आणि शेवटचा 60 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पहिले आकडे मोठ्याने सांगतो. तुम्ही शेवटचा आकडा पाहा. उजेड आत येतो तो पुढच्या भिंगातूनच.

हे साधं गणित आहे, आठवीतलं मूलही करेल. भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. 60 ला 20 ने भागलं की 3 येतात, म्हणजे डोळ्यापाशी 3 मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका मिळतो. भर दिवसा आपल्या डोळ्याची बाहुली साधारण दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे चित्र लख्ख दिसतं. आता तीच दुर्बीण 60 पटीवर फिरवा. ठिपका 1 मिलिमीटरचा होतो, चित्र काळपट होतं, थरथरतं आणि डोळा जरा हलला की गायब होतं. स्वस्त दुर्बिणीत वरची पट ही बहुतेक खोक्यावर छापण्यापुरतीच असते.

आणि ती लागतेही कुठे? 50 मीटरवरचा कागद 20 पटीने पाहिला की तो अडीच मीटरवर आणून ठेवल्यासारखा दिसतो. अडीच मीटरवरून साडेपाच मिलिमीटरचं छिद्र कुणालाही दिसेल. म्हणजे 50 मीटरच्या नेमबाजाला 20-60x60 सारखी साधी दुर्बीण पुरते, तीही 20 ते 30 पटीवरच वापरायची. आमच्या मते शाळेतल्या मुलासाठी यापेक्षा महाग काही घेण्याचं कारण नाही. टार्गेटच्या काळ्या भागातलं छिद्र मात्र चांगल्या दुर्बिणीतूनही अवघड जातं, काळ्यावर काळं. रेंजवाल्यांची परवानगी असेल तर सरावाच्या कागदामागे पांढरा पुठ्ठा लावून पाहा, पुष्कळ फरक पडतो.

300 मीटरची गोष्ट वेगळी. तिथे तेवढंच छिद्र सहापट लहान दिसतं. 20 पटीने पाहिलं तरी कागद 15 मीटरवर असल्यासारखा, 40 पटीने साडेसात मीटरवर. इथे 80 मिलिमीटरचं भिंग आणि बऱ्यापैकी काच लागते, खर्च वाढतो. शिवाय उन्हात तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, मृगजळ दिसतं तशी. पट वाढवली की ती लहरही तेवढीच मोठी होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी लाखाच्या दुर्बिणीतूनही छिद्र नाचतानाच दिसेल. तेव्हा पट कमी करायची, किंवा सकाळी लवकर सराव करायचा. अनुभवी नेमबाज हीच लहर उपयोगात आणतात: फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणून हवा कुठल्या बाजूला सरकते आहे ते पाहतात आणि वाऱ्याचा अंदाज घेतात.

तिरंदाजीत सोपं आहे. 70 मीटरवरच्या रिकर्व्ह टार्गेटचं दहाचं वर्तुळ 12.2 सेंटीमीटरचं असतं आणि बाण छिद्र पाडून निघून जात नाही, तो रुतलेला असतो, मागे रंगीत पिसं घेऊन. 30 आणि 50 मीटरवर शिकणाऱ्या मुलीला घरातली 8x42 किंवा 10x42 ची दोन डोळ्यांची साधी दुर्बीणही चालून जाते. बाण रेषेला शिवला की नाही हा वाद तिने मिटणार नाही, पण कोणत्या रंगात लागला ते समजतं. स्पॉटिंग स्कोप पुढे घेता येईल.

ऑनलाइन बाजारात '40x60' किंवा '80x100' असं लिहिलेल्या, खिशात मावणाऱ्या दुर्बिणी फार स्वस्तात मिळतात. फूटपट्टी लावा: 100 मिलिमीटरचं भिंग म्हणजे दहा सेंटीमीटर, ते खिशात मावेल का? काही वेळा पुढची काच मोठी असते आणि आतल्या कड्यांनी उजेड अडवलेला असतो. त्याचीही परीक्षा आहे. दुर्बीण उजेडाकडे धरा, डोळ्याची बाजू हातभर लांब ठेवा. तिथे दिसणारा उजेडाचा ठिपका मोजा आणि पटीने गुणा. 20 पटीला ठिपका 2 मिलिमीटरचा असेल, तर तुमचं खरं भिंग 40 चं आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

बाकी शब्दांपैकी दोन लक्षात ठेवा. आतला प्रिझम 'बॅक-4' काचेचा असलेला बरा आणि भिंगांवर 'फुली मल्टिकोटेड' असा थर हवा. 'ईडी' काचेने कडांना दिसणारी जांभळी झाक कमी होते; 50 मीटरसाठी तिचे जादा पैसे देऊ नका. निकॉन, कोवा, व्होर्टेक्स यांच्या वरच्या दर्जाच्या दुर्बिणी उत्तम, पण महाग. सेलेस्ट्रॉन, एसव्हीबोनी यांच्या साध्या मालिका सामान्य घराला परवडण्यासारख्या आहेत. मूल चष्मा लावत असेल तर 'आय रिलीफ' किमान 15 मिलिमीटर आहे ना, ते विचारा. नाहीतर त्याला अर्धंच वर्तुळ दिसेल.

पाहण्याची नळी सरळ असते किंवा 45 अंशात वाकलेली. नेमबाजासाठी वाकडी घ्या. पालथं झोपून नेम धरताना बंदूक न सोडता, मान जराशी वळवून पाहता येतं. क्लबमध्ये चार मुलं एकच स्कोप वापरत असतील तरी वाकडीच सोयीची, उंच मूल थोडं वाकतं आणि काम होतं.

स्टँडवर मात्र कंजूषपणा नको. हातात धरलेली 20 पटीची दुर्बीण निरुपयोगी असते आणि सोबत मिळणारा वीतभर स्टँड टेबलापुरताच. दहा हजार ठरवले असतील तर अडीच-तीन हजार स्टँडसाठी बाजूला ठेवा. घरात जुना कॅमेरा ट्रायपॉड पडला असेल तर तो आधी लावून पाहा. बहुतेक स्कोपना तोच पाव इंची स्क्रू बसतो. मधल्या दांडीला वाळूची पिशवी टांगली की वाऱ्यातही हलत नाही.

जुनी दुर्बीण घ्यायलाही हरकत नाही. पक्षीनिरीक्षक मंडळी नवी घेताना जुनी विकतात. टॉर्च मारून आत पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. रत्नागिरी-रायगडकडच्या पावसाळ्यात तर नवी दुर्बीणही बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. ओढणीच्या टोकाने काच पुसू नका, आधी धूळ फुंकणीने उडवा.

शस्त्र परवान्याशी या दुर्बिणीचा संबंध नाही. तरी बसमधून, रेल्वेतून नेताना बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत असू द्या. विचारपूस झाली तर दोन मिनिटांत विषय संपतो.

आणि सूर्याकडे ती कधीही रोखू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. घरात दुर्बीण आली की 29 तारखेला मुलं ती गच्चीवर नेणारच. दुर्बिणीने पाहिलेल्या चाँदचा मसला आपापल्या आलिमांना विचारावा. आम्ही फक्त काचेचं सांगतो. चाँद शोधायला 20 पट जास्तच होते, आकाशाचा फार लहान तुकडा दिसतो. 7x50 किंवा 10x50 ची दोन डोळ्यांची दुर्बीण त्याला बरी, आणि तीही सूर्य पूर्ण बुडाल्यावरच डोळ्याला लावायची.