एका बनपावाची किंमत: ब्रिटनमधील मुलांच्या चहाची गोष्ट

१/ दिनांक २२ जून १८८७. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याचा मुख्य सोहळा आदल्याच दिवशी पार पडला होता. आज लंडनच्या हाइड पार्कमध्ये पंचवीस हजारांहून अधिक शाळकरी मुले जमली होती, बहुतेक सामान्य आणि गरीब वस्त्यांमधली. प्रत्येकाला खाऊची पिशवी मिळाली. तीत मांसाचे सारण भरलेला पॅटिससारखा पदार्थ, केकचा तुकडा, बनपाव आणि एक संत्रे. शिवाय घरी नेण्यासाठी राणीचे चित्र असलेला, डौल्टन कारखान्यात घडवलेला एक मग.

२/ या मेजवानीमागे होते एडवर्ड लॉसन, 'डेली टेलिग्राफ' या दैनिकाचे मालक. वाचकांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी हा घाट घातला. कळसूत्री बाहुल्यांचे खेळ होते, बँड होते. सायंकाळी राणीची बग्गी आली, मुलांनी राष्ट्रगीत म्हटले. राणीने त्या दिवशीच्या रोजनिशीत गाणे काहीसे बेसूर झाल्याचे नोंदवून ठेवले आहे! पहिला मग राणीच्या हस्ते एका बारा वर्षांच्या मुलीला देण्यात आला. तिचे कर्तृत्व कोणते? तिने शाळेचा एकही दिवस चुकवला नव्हता.

३/ मित्रहो, या शेवटच्या तपशिलापाशी थोडे थांबू या. बनपाव फुकट होता. पण त्याच्या बदल्यात मुलांकडून काहीतरी अपेक्षित होते. नियमित हजेरी, शिस्त, जयघोष. मुलांना चहाला बोलावणारा यजमान नेमके काय मागत होता आणि ती मागणी काळाबरोबर कशी बदलली, हा आजच्या धाग्याचा विषय.

४/ आधी शब्दाचा खुलासा. इंग्रजांचा 'टी' म्हणजे केवळ पेय नव्हे, ती एक जेवणवेळ आहे. आपण 'चहापाणी' म्हणतो तेव्हा त्यात पोहेही येतात, तसेच काहीसे. दुपारच्या चहाची प्रथा १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना मारिया यांनी रूढ केली असे सांगितले जाते. दुपारचे जेवण आणि रात्रीचे उशिराचे जेवण यांच्यामधल्या वेळी बाईंना भूक लागे, एवढेच त्याचे कारण.

५/ श्रीमंत घरांतील मुले मात्र या दिवाणखान्यातल्या चहाला नसत. त्यांचा चहा वरच्या मजल्यावर, दाईच्या देखरेखीखाली होई. दूध, लोणी लावलेला पाव, मुरंबा. आधी पाव संपवायचा, मगच केक, हा तिथला दंडक. लुईस कॅरल यांच्या 'ॲलिस'मधली (१८६५) वेडी चहापार्टी आठवते? घड्याळ कायम सहावर अडकलेले, यजमान उद्धट, शिष्टाचाराचा पुरता बोजवारा. ज्या मुलांना रोज त्या टेबलावर सरळ बसण्याची सक्ती होती, त्यांनाच त्यातली गंमत पुरेपूर कळली असणार.

६/ गरीब मुलांचा सामुदायिक चहा वेगळ्या वाटेने आला. १८३० च्या दशकात प्रेस्टन या गिरणगावात जोसेफ लिव्हसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूबंदीची चळवळ उभारली. दारूच्या गुत्त्याला पर्याय म्हणून त्यांनी मोठमोठ्या चहापार्ट्या भरवल्या. १८४७ मध्ये लीड्स येथे 'बँड ऑफ होप' ही खास मुलांसाठीची संघटना निघाली. चहा होता, गाणी होती आणि आयुष्यभर दारूला शिवणार नाही अशी प्रतिज्ञाही होती. ती घेणारी काही मुले तर जेमतेम अक्षरे गिरवण्याच्या वयाची!

७/ रविवारच्या धर्मशाळांनीही हीच रीत उचलली. कॉर्नवॉल परगण्यात वर्षातून एकदा होणाऱ्या 'टी ट्रीट'ला मुले निशाणे घेऊन, बँडच्या मागे मिरवत जात. शेवटी प्रत्येकाला थाळीएवढा केशरी बनपाव मिळे. हो, त्यात खरोखरच केशर असे. खाणकामगारांच्या मुलांना वर्षभर वाट पाहायला लावील असाच तो पदार्थ होता. वर्षभराची हजेरी हे त्या बनपावाचे तिकीट.

८/ पण हा चहा इतका स्वस्त झाला कसा? एक कारण कर. १७८४ मध्ये ब्रिटिश सरकारने चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. दुसरे कारण आसाम. १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस भारत आणि सिलोनच्या चहाने चिनी चहाला ब्रिटनच्या बाजारात मागे टाकले. त्या मळ्यांवर करारबद्ध मजूर राबत. पाने खुडणाऱ्यांत बायका होत्या, मुलेही होती. ही मुले कोणाच्याही चहाला निमंत्रित नव्हती. ब्रिटिश बालमेजवान्यांच्या इतिहासांत त्यांचा उल्लेख सहसा येत नाही. मला तो टाळता येत नाही.

९/ आता दहा वर्षे पुढे. २२ जून १८९७, राणीचा हीरक महोत्सव. या वेळी युवराज्ञी अलेक्झांड्रा यांनी लंडनच्या गरिबांना जेवण घालण्यासाठी निधी उभारला. निधी पुरेना, तेव्हा पंचवीस हजार पौंडांची देणगी आली. देणारे होते थॉमस लिप्टन, सिलोनमध्ये मळे विकत घेऊन चहा स्वस्तात विकणारे व्यापारी. पुढच्याच वर्षी ते 'सर' झाले. देणगी आणि किताब यांचा संबंध होता की नाही, हे वाचकांनी ठरवावे. माझे मत मी लपवणार नाही, होता.

१०/ आणि त्याच २२ जूनच्या रात्री पुण्यात काय घडले, हे महाराष्ट्रात सांगायला नको. गणेशखिंडीच्या रस्त्यावर, याच हीरक महोत्सवाच्या समारंभातून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. देशात १८९६-९७ चा दुष्काळ होता, पुण्यात प्लेग आणि त्याच्या बंदोबस्तातील जुलूम. लंडनमध्ये चहाच्या पैशातून जेवणाच्या पंगती उठत होत्या, तेव्हा चहा पिकवणाऱ्या देशाची ही स्थिती होती.

११/ लंडनच्या पंगतींनी तरी काय साधले? १९०१ मध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहराची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात होते. त्याच सुमारास बोअर युद्धासाठी भरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने अशक्त म्हणून नाकारले जात होते. साम्राज्य हादरले ते यामुळे. मुलांची भूक ही दयेची बाब होती तोवर बनपाव पुरत होता. ती सैन्याची बाब झाल्यावर सरकारी समिती नेमली गेली.

१२/ १९०६ मध्ये कायदा झाला. स्थानिक संस्थांना शाळेत मुलांना जेवण देण्याची मुभा मिळाली. सक्ती नव्हे, मुभा. ब्रॅडफर्ड शहराने पुढाकार घेतला. तेथे १९०७ मध्ये एक साधा प्रयोग झाला. शाळेत जेवणाऱ्या मुलांची वजने नियमित घेतली गेली. जेवण सुरू असताना वजन वाढे. सुटी लागली, जेवण थांबले, की वजन घटे.

१३/ मला हा तक्ता या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. हाइड पार्कच्या बनपावाचे वजन कोणी केले नव्हते. ते करण्याची गरजही यजमानांना वाटली नव्हती, कारण ती मेजवानी मुलाच्या पोटासाठी नव्हती, राणीच्या गौरवासाठी होती. ब्रॅडफर्डमध्ये प्रथमच मोजणीच्या काट्यावर यजमान नव्हता, मूल होते.

१४/ तरीही चहापार्टी संपली नाही. तिने यजमान बदलला. पहिले महायुद्ध संपल्यावर १९ जुलै १९१९ हा शांततादिन ठरला. गल्लोगल्ली रस्त्यावरच टेबले मांडून मुलांना 'शांतीचा चहा' देण्यात आला. आता वर्गणी शेजाऱ्यांची होती, पाव गल्लीतल्या बायकांनी कापले होते. टेबलावर बसलेल्या कित्येक मुलांचे वडील परतले नव्हते. ब्रिटनमधल्या रस्त्यावरच्या मेजवान्यांची परंपरा येथूनच सुरू झाली असे मानले जाते.

१५/ सगळीकडे गोडीगुलाबी होती असे मात्र नाही. ल्यूटन गावात त्याच दिवशी महापौरांच्या मेजवानीच्या बेतावरून आणि आपल्याला डावलल्यावरून माजी सैनिक खवळले. रात्र संपेपर्यंत नगरभवन जळून खाक झाले. निमंत्रितांची यादी हे किती स्फोटक प्रकरण असते, याचा यापेक्षा ठळक नमुना मला ठाऊक नाही.

१६/ मे १९४५. युरोपातले युद्ध संपले. चहा १९४० पासूनच शिधापत्रिकेवर होता: माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. साखर, लोणी, सगळेच मोजून मिळत होते. तरी गल्ल्यांत टेबले लागली. प्रत्येक घराने आपल्या वाट्यातली चिमूटभर साखर दिली, तेव्हा कुठे एक केक झाला. १८८७ च्या मेजवानीशी ताडून पाहा. तेथे देणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात होते. येथे तो केक कोणाचा, हे कोणालाच सांगता आले नसते.

१७/ १९४६ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाला रोज तृतीयांश पाइंट, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर दूध मोफत मिळू लागले. त्यासाठी मिरवणूक नव्हती, प्रतिज्ञा नव्हती, राष्ट्रगीत सुरात म्हणण्याची अटही नव्हती. जून १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकासाठी सरकारने माणशी एक पौंड जादा साखर दिली आणि मुलांच्या मेजवान्या पुन्हा झाल्या. त्या दिवशी पावसाने झोडपल्यामुळे अनेक ठिकाणी टेबले उचलून सभागृहात न्यावी लागली, पण दूध दुसऱ्या दिवशीही होते.

१८/ १९७१ मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीत सात वर्षांवरील मुलांचे मोफत दूध बंद झाले. जून १९७७ मध्ये एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव आला. देशभर रस्त्यांवर टेबले मांडली गेली, पताका लागल्या, मुलांना केक मिळाला. आणि अनेक शाळांत प्रत्येक मुलाला, घरी नेण्यासाठी, राणीच्या स्मरणार्थ एक मग देण्यात आला.